येस टू ऑल

गेल्या रविवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन.

"मामा, झोपलायस का?"

"झोपणार होतो. बोल."

"माझा लॅपटॉप गेला."

"गेला म्हणजे? चोरीला?"

"नाही रे, चालू होतोय. पण कुठलंच सॉफ्टवेअर उघडत नाहीये. उद्या सबमिशन आहे. सरळ रिसेट मारू का?"

हे 'रिसेट मारू का' ऐकलं आणि माझी झोप उडाली. का उडाली ते पुढे सांगतोच. त्याला म्हटलं, आधी कशालाही हात लावू नकोस, काय केलंस ते सांग. तर साहेबांनी काय केलं होतं, की डिस्क भरत आली म्हणून इन्स्टॉल केलेल्या ॲप्सची यादी उघडली. त्यात 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस' या नावाच्या दहा-बारा ओळी दिसल्या. २००८, २०१०, २०१२, २०१३... त्यातही बऱ्याच जणांच्या जोड्या. आपण तर सी प्लस प्लसमध्ये काही लिहीत नाही, म्हणजे हे सगळे डुप्लिकेट असणार, असा विचार करून त्याने एकेक करत सगळे उडवले. आता कॉलेजच्या प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर उघडलं की एकच निरोप : व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नाही.

पंधरा मिनिटांत काम झालं. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लसचं 'रीडिस्ट्रिब्युटेबल' पॅकेज उतरवायला सांगितलं, २०१५ पासूनच्या आवृत्त्यांचं मिळून जे एकच येतं ते. ३२ बिटचं आणि ६४ बिटचं, दोन्ही. मशीन ६४ बिटचं असलं तरी जुने ३२ बिटचे प्रोग्राम त्यावर चालतात आणि त्यांना त्यांचीच जोडी लागते. मग एकदा रिस्टार्ट. प्रोजेक्ट उघडला, भाचा खूश. तो आधी कुठल्यातरी साइटवरून ती एकटी डीएलएल फाइल डाउनलोड करून सिस्टिम फोल्डरमध्ये टाकायच्या बेतात होता. असं कधीही करू नका. ती फाइल कुठल्या आवृत्तीची आहे आणि तिच्यात आणखी काय भरलंय, हे कोणी सांगू शकत नाही.

फोन ठेवला, पण झोप काही परत आली नाही. कारण हीच चूक मी १९९९ साली केली होती, आणि तेव्हा 'हात लावू नकोस' म्हणणारा मामा मला नव्हता.

तर मंडळी, आजचा विषय हाच. एखादा प्रोग्राम काढून टाकला की दुसराच का मरतो? याला आमच्या धंद्यात 'डीएलएल हेल' म्हणतात. या नरकाचा इतिहास जरा लांब आहे, चहा घेऊन बसा :-)

* * *

आधी डीएलएल म्हणजे काय ते बघू. डायनॅमिक लिंक लायब्ररी. समजा तुमच्या मशीनवर दहा प्रोग्राम आहेत. दहाही जणांना पडद्यावर खिडकी काढायची असते, बटण काढायचं असतं, फाइल उघडायची असते. आता हा कोड प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात वेगवेगळा भरायचा, की एकदाच लिहून एका फाइलमध्ये ठेवायचा आणि लागेल तेव्हा सगळ्यांनी तिथून वापरायचा? दुसरा मार्ग उघडच शहाणपणाचा वाटतो. कल्पना काही मायक्रोसॉफ्टची नव्हे. एमआयटीमध्ये साठच्या दशकात मल्टिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाली, तिच्यात प्रोग्राम चालू असताना लागेल तो भाग जोडून घेण्याची सोय होती.

विंडोज १.० आली नोव्हेंबर १९८५ मध्ये. तिला मेमरी किती लागायची? २५६ केबी. एमबी नाही हं, केबी. आज तुमच्या फोनने काढलेला एक फोटो याच्या दहापट भरतो. एवढ्याशा जागेत एकाहून जास्त प्रोग्राम चालवून दाखवायचे तर कोड वाटून घेण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. म्हणून विंडोजचे स्वतःचे मुख्य भाग, म्हणजे कर्नल, यूझर आणि जीडीआय, हेच मुळात सामाईक लायब्ररी म्हणून बांधले गेले. आज आपण डीएलएलला शिव्या घालतो, पण ती नसती तर त्या काळच्या मशीनवर विंडोज हलली नसती.

मग १९९० साली विंडोज ३.० आली, १९९२ साली ३.१, आणि विंडोज घरोघरी पोचली. १९९३ च्या व्हिज्युअल बेसिक ३ मध्ये कोणीही चार बटणं ओढून प्रोग्राम बनवू लागला. त्या प्रोग्रामला चालायला व्हीबीरन३००.डीएलएल नावाची फाइल लागायची, साधारण ४०० केबीची. प्रोग्राम स्वतः असायचा पन्नास केबीचा. फ्लॉपीत मावायचे १.४४ एमबी. अशा वेळी ही ४०० केबीची फाइल डिस्कवर प्रत्येक प्रोग्रामसोबत वेगळी ठेवणं म्हणजे उधळपट्टीच. म्हणून ती विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये एकदाच टाकायची आणि सगळ्यांनी वापरायची, अशी पद्धत पडली.

पद्धत चांगली होती. फक्त त्या फोल्डरला दार नव्हतं आणि वहीही नव्हती. कोणाचाही सेटअप प्रोग्राम आत येऊन वाटेल ती फाइल टाकू शकत होता, असलेलीवर आपली चढवू शकत होता, जाताना उचलून नेऊ शकत होता. कोण आलं, काय ठेवलं, कोण काय वापरतंय, याची कुठेही नोंद नाही.

यातून तीन प्रकारची दुखणी निघाली.

पहिलं, जुन्याने नव्याला झाकणं. तुमच्याकडे एखाद्या डीएलएलची नवी आवृत्ती आहे. तुम्ही दोन वर्षांपूर्वीचा एखादा प्रोग्राम टाकलात, त्याच्या सेटअपने आवृत्ती न तपासता आपली जुनी प्रत वर चढवली. आवृत्ती तपासून फाइल बसवण्यासाठी विंडोज ३.१ मध्ये वेगळी फंक्शन्स दिलेली होती. पण ती वापरायची कोणी? आपला प्रोग्राम चालला की सेटअप लिहिणारा घरी गेला.

दुसरं, नव्याने जुन्याला बिघडवणं. नवी आवृत्ती नियमाप्रमाणेच बसली, पण तिच्यातलं एखादं फंक्शन आता थोडं वेगळं वागतं. जुना प्रोग्राम त्या जुन्या वागण्यावर, कधीकधी तर जुन्या बगवर अवलंबून असायचा. तो पडला. याच्यात चोर कोण ते सांगणं अवघड.

आणि तिसरं, आजच्या लेखाचं खरं दुखणं : जाणाऱ्याने सामाईक वस्तू घेऊन जाणं. वाड्यातल्या भाडेकरूने खोली सोडताना जिन्यातला दिवा काढून न्यावा, तसं. "मी लावला होता, मी नेला." त्याच्या हिशोबाने तो बरोबरच. पण रात्री जिन्यात पाय घसरतो तो दुसऱ्याच कोणाचा तरी.

* * *

गंमत म्हणजे विंडोज ३.१ मध्ये प्रोग्राम काढून टाकण्याची सोयच नव्हती. फोल्डर डिलीट करायचा आणि गप्प बसायचं. सिस्टिम फोल्डरमध्ये जे पडलं ते पडलं. शंभर-दोनशे एमबीच्या डिस्कवर हा कचरा चांगलाच जाणवायचा, म्हणून तो साफ करून देणारी सॉफ्टवेअर बाजारात आली. मायक्रोहेल्पचं अनइन्स्टॉलर होतं, क्वार्टरडेकचं क्लीनस्वीप होतं. लोक पैसे देऊन विकत घ्यायचे. आता या सॉफ्टवेअरलाही वही नसल्याने बराचसा अंदाजच करावा लागायचा, हा भाग वेगळा.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आली आणि पहिल्यांदा वही आली. कंट्रोल पॅनेलमध्ये 'ॲड/रिमूव्ह प्रोग्राम्स' दिसू लागलं. 'विंडोज ९५ साठी बनवलेलं' हा लोगो खोक्यावर छापायचा असेल तर प्रोग्रामने स्वतःला नीट काढून टाकता आलं पाहिजे, अशी अट मायक्रोसॉफ्टने घातली. आणि रजिस्ट्रीत 'शेअर्ड डीएलएल्स' नावाची एक जागा केली. तिथे प्रत्येक सामाईक फाइलपुढे एक आकडा. नवा प्रोग्राम आला आणि ती फाइल वापरणार असेल तर आकडा एकाने वाढवायचा. गेला की एकाने कमी करायचा. शून्य झाला की फाइल कोणालाच नको आहे, काढायला हरकत नाही.

कागदावर उत्तम. आपण आजही प्रोग्रामिंगमध्ये रेफरन्स काउंटिंग म्हणून हेच करतो. पण इथे तो आकडा ऑपरेटिंग सिस्टिम ठेवत नव्हती, प्रत्येकाचा सेटअप प्रोग्राम ठेवत होता. म्हणजे दुकानात गल्ल्यावर कोणी बसलेलं नाही, गिऱ्हाइकाने स्वतःच वहीत लिहायचं. मग काय होणार? विंडोज ३.१ च्या काळातल्या सेटअपना ही वही माहीतच नव्हती, ते फाइल वापरायचे पण आकडा वाढवायचे नाहीत. मित्राकडून नुसता फोल्डर कॉपी करून आणलेले प्रोग्रामही मोजले जायचे नाहीत. उलट बाजूला, तोच प्रोग्राम बिघडला म्हणून दुसऱ्यांदा इन्स्टॉल केला तर कधी आकडा दोनदा वाढायचा आणि ती फाइल मग जन्मभर हलायची नाही.

पण मला वाटतं खरी खोट याहून खोल होती. वहीत आकडा होता, नावं नव्हती. 'तीन जण वापरतात' एवढंच कळायचं. कोण तीन, ते नाही. त्यामुळे आकडा चुकला तर तो तपासायचा कशाशी? काही मार्गच नाही.

सेटअप बनवणाऱ्यांनाही हे माहीत होतं. आकड्यावर कोणाचाच पूर्ण भरवसा नव्हता. म्हणून आकडा शून्य झाला की अनइन्स्टॉल करताना एक खिडकी यायची. मजकूर साधारण असा : अमुक सामाईक फाइल आता कोणताही प्रोग्राम वापरत नाही असं सिस्टिम म्हणते. काढून टाकू? कोणी वापरत असेल आणि ती काढली तर ते प्रोग्राम चालणार नाहीत. खात्री नसेल तर राहू द्या. खाली बटणं : येस, येस टू ऑल, नो, नो टू ऑल.

थोडक्यात काय, तर सिस्टिमला माहीत नाही, सेटअप लिहिणाऱ्याला माहीत नाही, आणि म्हणून प्रश्न विचारला कोणाला? तर ज्याला माहीत असण्याची शक्यता सर्वात कमी, त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला.

* * *

१९९९ मध्ये सांगलीच्या आमच्या घरात त्या खुर्चीवर मी होतो. अकरावीत. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून असेंबल्ड मशीन घेतलं होतं, विंडोज ९८, एकच सी ड्राइव्ह. पार्टिशन वगैरे कोणी करून दिलं नव्हतं. दिवसा कॉम्प्युटर माझा, रात्री बाबांचा. बाबा त्यावर एका मराठी फॉन्टच्या पॅकेजमध्ये आजोबांच्या आठवणी टाइप करत होते. आजोबा रविवारी सांगायचे, बाबा वहीत उतरवायचे आणि आठवडाभर एका बोटाने टाइप करायचे. बेचाळीस पानं झाली होती. टाइप झालं की वहीचं पान फाडून टाकायचे. आता कॉम्प्युटरमध्ये आहे ना, मग कागद कशाला!

मी एका मासिकाच्या सीडीवरचा गेम टाकला होता. कंटाळा आला, जागाही हवी होती, म्हणून रीतसर ॲड/रिमूव्हमधून काढायला घेतला. ती खिडकी आली. एकदा वाचली. कोणीच वापरत नाही म्हणतंय, मग ठेवायची कशाला? येस. दुसरी आली. येस. तिसरी आल्यावर कंटाळून येस टू ऑल. जागा मोकळी झाल्याचं समाधान वाटलं.

रात्री बाबांनी त्यांचं पॅकेज उघडलं, तर निरोप आला : एमएफसी४२.डीएलएल सापडत नाही. ही फाइल म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सी प्लस प्लसने बनवलेल्या असंख्य प्रोग्रामांचा सामाईक पाया. साधारण एक एमबीची. म्हणजे भाच्याने उडवलेल्या फाइलची थोरली बहीणच म्हणा.

दुसऱ्या दिवशी मशीन जोडून देणारा दादा आला. त्याने दोनदा रिस्टार्ट केलं, मान हलवली आणि म्हणाला, "फॉरमॅट मारायला लागतंय." त्या काळी कुठल्याही दुखण्यावर हेच औषध होतं. त्यालाही दोष देत नाही, दिवसाला सहा घरं करायची तर दुसरं काय करणार. त्याने विचारलंही, "काही महत्त्वाचं आहे का?" बाबा ऑफिसात होते. मी म्हटलं, "गाणी आहेत थोडी."

बाबांनी पहिली नऊ पानं मध्यंतरी प्रिंट काढून आत्याला पाठवली होती. तेवढी राहिली. आजोबा त्याच पावसाळ्यात गेले.

* * *

आता सगळ्यात वाईट वाटतं ते हे, की उपाय घरातच होता. विंडोज ९८ मध्ये 'सिस्टिम फाइल चेकर' नावाचं साधन आलं होतं. स्टार्ट, रन, एसएफसी. त्यात 'इन्स्टॉलेशन डिस्कवरून एक फाइल काढा' असा सरळ पर्याय होता. फाइलचं नाव टाकायचं, सीडी घालायची, ती सिस्टिम फोल्डरमध्ये परत ठेवायची. पाच मिनिटं. विंडोज सुरूच होत नसेल तर डॉसमधून 'एक्स्ट्रॅक्ट' कमांडने सीडीवरच्या कॅब फाइल्समधून तेच करता यायचं. सीडी कॉम्प्युटरच्या टेबलाच्या खणात होती. आणि बाबांची बेचाळीस पानं डिस्कवर धडधाकट होती, ती उघडणारा प्रोग्राम तेवढा एका फाइलवाचून अडला होता. डीएलएल हरवली म्हणून तुमचा डेटा जात नाही. तो जातो घाईघाईत केलेल्या उपायाने. आज दुपारी कोणाचा फोन आला तर एवढं वाक्य तरी नक्की सांगा.

मायक्रोसॉफ्टलाही हे दुखणं पुरतं कळलं होतं. १९९९ मध्ये ऑफिस २००० सोबत 'विंडोज इन्स्टॉलर' आला. आता वही प्रत्येकाने ठेवायची नाही, एकाच कारकुनाने ठेवायची. प्रत्येक भागाला स्वतःचा ओळखक्रमांक, आणि तो कोणत्या उत्पादनाने घेतलाय त्याची नोंद. म्हणजे आकड्याच्या जागी शेवटी नावं आली! एखादी फाइल गायब दिसली तर हा कारकून ती मूळ सीडीवरून परत मागवायचा. 'ऑफिसची सीडी घाला' ही खिडकी आठवते ना? ती हीच.

फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० आली आणि सिस्टिम फोल्डरला दार बसलं. विंडोज फाइल प्रोटेक्शन. सिस्टिमची फाइल कोणी बदलली किंवा उडवली की विंडोज 'डीएलएलकॅश' नावाच्या फोल्डरमधली राखीव प्रत काढून गुपचूप परत ठेवायची. त्याच वर्षी विंडोज एमईमध्ये सिस्टिम रिस्टोअर आलं, म्हणजे मशीन कालच्या स्थितीत नेण्याची सोय. जानेवारी २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या रिक अँडरसन यांनी लेख लिहिला, त्याचं नावच होतं 'डीएलएल हेलचा शेवट'. आमच्या घरी हे वाचायला एक वर्ष उशीर झाला होता.

ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपीने पुढचं पाऊल टाकलं : एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी. पडद्यावरची बटणं काढणाऱ्या कॉमसीटीएल३२ या डीएलएलची जुनी ५.८२ आणि नवी ६.० दोन्ही मशीनवर असायच्या. प्रोग्रामने सोबतच्या एका चिठ्ठीत, म्हणजे मॅनिफेस्टमध्ये, 'मला ६.० पाहिजे' असं लिहिलं तर ती मिळायची, नाहीतर जुनी. २००२ च्या डॉट नेटने हीच कल्पना उचलली. जुन्याने नव्याला झाकायचा प्रश्न मिटला, कारण झाकायलाच काही उरलं नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सामाईक वापर सुरू झाला जागा वाचवायला. पंधरा वर्षांत डिस्क स्वस्त झाली आणि उपाय काय निघाला, तर वाटून घेणं कमी करा. प्रत्येकाला आपापली प्रत द्या. आज फोनवरचं ॲप आपल्या बऱ्याचशा लायब्ररी पोटात घेऊन येतं आणि काढलं की त्यांच्यासकट जातं, शेजाऱ्याला धक्का लागत नाही. २०१३ मध्ये आलेलं डॉकर याच वाटेवरचं. एकत्र कुटुंबातून निघून प्रत्येकाने आपापला फ्लॅट घेतला, आता जिन्यातला दिवा कोण नेतो याची चिंता नाही.

पण फ्लॅटचीही किंमत असते. सप्टेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या जीडीआय प्लस या चित्रं दाखवणाऱ्या लायब्ररीत मोठं भोक सापडलं. नुसता एक बनवलेला जेपेग फोटो उघडला की हल्लेखोराचा कोड चालू शकत होता. लायब्ररी एकच असती तर एक फाइल बदलून काम झालं असतं. पण ती कित्येक प्रोग्रामांनी आपापल्या फोल्डरमध्ये आणून ठेवलेली. विंडोजचा पॅच वेगळा, ऑफिसचा वेगळा, बाहेरच्या प्रोग्रामांचं त्यांनीच बघायचं. भोकवाली प्रत कुठे दडली आहे ते शोधायला मायक्रोसॉफ्टला वेगळं साधन द्यावं लागलं. डिसेंबर २०२१ चा लॉगफोरजेचा प्रकार तर तुमच्यापैकी अनेकांनी ऑफिसात अनुभवला असेल. जारच्या आत जार, तिच्या आत ती लायब्ररी. तो शनिवार-रविवार मी फक्त 'आपण हे कुठे-कुठे वापरतो' याची यादी करण्यात घालवला. पुन्हा तेच : वहीत नावं नाहीत.

मग काय, सगळं सामाईकच ठेवायचं आणि वही चोख ठेवायची? लिनक्सवाल्यांनी नव्वदच्या दशकातच तो मार्ग धरला. डेबियनमध्ये कोणतं पॅकेज कोणावर अवलंबून आहे हे नावानिशी लिहिलेलं असतं, आणि एक काढायला गेलात की त्याच्यामुळे आणखी कोण-कोण जाईल याची यादी तो आधी दाखवतो. पण यादी दाखवली म्हणून माणूस वाचतो असं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबवरचे प्रसिद्ध लायनस सेबॅस्टियन पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम बसवायला गेले. पॅकेजच्या नोंदीत गोंधळ होता, त्यामुळे सिस्टिमने सांगितलं की याने तुमचा डेस्कटॉपच निघून जाईल, खरंच करायचं असेल तर 'होय, मी सांगतो तसं कर' असं पूर्ण वाक्य टाइप करा. त्यांनी केलं. डेस्कटॉप गेला. लाखो लोकांनी बघितलं. मी मात्र हसलो नाही.

आणि लेफ्ट-पॅड? २२ मार्च २०१६. अझेर कोचुलू या प्रोग्रामरचं एका पॅकेजच्या नावावरून वाजलं, आणि त्याने रागावून एनपीएमवरची आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यात एक होतं लेफ्ट-पॅड. मजकुराच्या डावीकडे हवी तेवढी अक्षरं भरून देणारा अकरा ओळींचा कोड. तो गेला आणि बॅबलसारखी मोठी साधनं जगभर बिल्ड होईनात. दोनेक तासांत एनपीएमने ते परत ठेवलं आणि मग नियम बदलला, की दुसरे अवलंबून असलेलं जुनं पॅकेज असं एकतर्फी काढता येणार नाही. एका मशीनवरचं दुखणं आता साऱ्या जगाच्या सिस्टिम फोल्डरला झालं होतं. जिन्यातला दिवा तोच, जिना तेवढा मोठा झाला.

* * *

हे सगळं त्या रविवारी संध्याकाळी बाबांना फोनवर सांगत होतो. नातवाचा लॅपटॉप कसा वाचला, त्यावरून सुरू झालं. बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्या बेचाळीस पानांबद्दल त्यांनी मला कधी एक शब्द ऐकवलेला नाही. मीही विषय काढत नाही. पण या वेळी काढला. म्हटलं, बाबा, फॉरमॅटची गरज नव्हती. पाच मिनिटांचं काम होतं, मला नंतर कळलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला कॉम्प्युटरने विचारलं होतं ना, काढू का म्हणून?"

"हो."

"तुला माहीत होतं का कोण वापरतंय ते?"

"नाही."

"मग तुला विचारायचंच कशाला?"

मी पंचवीस वर्षं या धंद्यात येणार-जाणार खिडक्या बनवतोय आणि मला यावर उत्तर सुचलं नाही. सोमवारी ऑफिसात गेलो, तर आमच्याच प्रॉडक्टमध्ये एक खिडकी आहे, 'हे टेम्प्लेट इतरत्र वापरात असू शकतं, डिलीट करायचं?' अशी. 'असू शकतं'! आपल्या डेटाबेसमध्ये नोंद आहे की कोण वापरतंय. ती वाचून नावं दाखवणं एका दिवसाचं काम. तिकीट काढून स्वतःच्याच नावावर घेतलंय.

आणि हो, आत्याकडची ती नऊ पानं मागवली आहेत. या दिवाळीला सांगलीला गेलो की बाबा सांगणार, मी टाइप करणार. जेवढं त्यांना आठवतंय तेवढं. या वेळी दोन ठिकाणी बॅकअप, आणि कागदावर एक प्रत.